यादी जीबीची, भांडण रात्री नऊचं

नाशिकच्या इंदिरानगरातल्या आमच्या सोसायटीत दोन महिन्यांपासून लिफ्टशेजारच्या फळ्यावर एक यादी लागते. बत्तीस फ्लॅट आणि प्रत्येकापुढे महिन्याचा इंटरनेटचा वापर, जीबीत. सगळ्या इमारतीत मिळून 200 एमबीपीएसची (सेकंदाला 200 मेगाबिट) एकच लाइन आहे आणि तिचा खर्च मेंटेनन्समध्ये सारखा वाटलेला आहे. यादीत तिसऱ्या मजल्यावरच्या एका भाडेकरू मुलापुढे 900 हा आकडा लाल शाईत आहे, आमच्या चेअरमनसाहेबांपुढे 60. "रात्री नऊच्या बातम्या अडकत अडकत बघायच्या आणि हा एकटा पोरगा पंधरा घरांचं नेट खाणार," हे वाक्य सभेत मी तीन वेगवेगळ्या तोंडांतून ऐकलं. ठराव आला: महिन्याला घरटी 150 जीबी, त्यापुढे वेग कमी किंवा जादा पैसे. विरोधकांचं म्हणणं, पैसे सारखे भरतो तेव्हा कोण किती वापरतो हे विचारणारे तुम्ही कोण? तिसरा गट नेहमीचा, "लाइनच मोठी घ्या ना, विषय संपवा." दीड तास चाललेल्या या चर्चेत एकदाही कोणी विचारलं नाही की त्या मुलाचे 900 जीबी जातात कधी.

हीच सभा देशपातळीवरही गेली काही वर्षं चालू आहे, फक्त तिथे खुर्च्या बऱ्या आहेत. दूरसंचार कंपन्या म्हणतात की मूठभर व्हिडिओ कंपन्यांमुळेच आमच्या तारा भरतात, तेव्हा जाळ्याच्या खर्चाचा 'वाजवी वाटा' त्यांनी उचलावा. दोन्ही ठिकाणी चूक एकच आहे. वापराची बेरीज हे वाटणीचं माप नव्हे. पाइपातून काल रात्री तीनला जे वाहून गेलं त्याने आज रात्री नऊला कोणाचंही काही बिघडत नाही. वाटून घ्यायची असते ती गर्दीची वेळ, आणि तीही जिथे तुंबतं त्या मोरीवर. तिथे, त्या घटकेला, घरटी वाजवी वाटा मिळतो का, एवढाच प्रश्न खरा.

हिशेब साधा आहे. तो मुलगा परदेशातल्या लोकांसाठी व्हिडिओ संपादनाचं काम करतो, त्याच्या फाइली रात्री एक ते सहा या वेळात ये-जा करतात. महिन्याचे 900 जीबी रोजच्या पाच तासांत वाटले तर सरासरी येते सेकंदाला सुमारे सव्वातेरा मेगाबिट. कधी? इमारतीतली एकतीस घरं झोपलेली असतात आणि 200 एमबीपीएसची लाइन मोकळी असते तेव्हा. चेअरमनसाहेबांचे 60 जीबी रोज रात्री नऊ ते दहा या एकाच तासात जातात असं त्यांनीच सांगितलं. म्हणजे त्या तासापुरते सुमारे साडेचार मेगाबिट. ऐन गर्दीत मोरीवर चेअरमनसाहेबांचा भार साडेचार आणि 'खादाड' पोराचा शून्य. यादी नेमकं उलटं सांगते. तापमान मोजायला वजनकाटा आणावा तसा हा प्रकार.

आता जाळं तुंबतं म्हणजे काय होतं ते पाहू, कारण वाद भरकटतो तो इथे. ऑक्टोबर 1986 मध्ये अमेरिकेत लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि तिथून जेमतेम 400 यार्डांवरचं बर्कली विद्यापीठ यांच्यातल्या जोडणीचा वेग सेकंदाला 32 हजार बिटांवरून 40 बिटांवर कोसळला. तार तुटली नव्हती, यंत्रं बिघडली नव्हती. झालं असं की पोच आली नाही म्हणून प्रत्येक संगणक तेच पॅकेट, म्हणजे माहितीचा तोच छोटा तुकडा, पुन्हा पाठवू लागला, त्या दुबार-तिबार प्रतींनीच तार भरली, पोच आणखी उशिरा यायला लागली, म्हणून सगळ्यांनी आणखी पाठवलं. तार पूर्ण भरलेली आणि उपयोगाचं काम जवळपास शून्य.

नाशिकच्या माणसाला हे समजावून सांगावं लागू नये. 27 ऑगस्ट 2003 ला सिंहस्थात पंचवटीत चेंगराचेंगरी होऊन 39 भाविक गेले. चिंचोळ्या जागी मागून रेटा वाढला की पुढे जाणाऱ्यांची संख्या वाढत नाही, घटते. आणि मागच्याला पुढचं काही दिसत नसतं, तो आपल्या परीने वाजवीच वागत असतो. 2015 च्या सिंहस्थात म्हणूनच गर्दी रामकुंडावर नव्हे तर शहराबाहेरच्या वाहनतळांवर अडवली गेली. पुढे वाट मोकळी होईल तसं मागून सोडायचं. पहिल्या पर्वणीला तर इतकं आवळलं की ओरड झाली, मग पुढच्या पर्वणीला ढिलं केलं. जाळ्यावरचा उपायही नेमका असाच निघाला. व्हॅन जेकबसन आणि मायकल कॅरेल्स यांनी 1988 मध्ये मांडला तो नियम असा: पॅकेट हरवलं तर पुढे गर्दी आहे असं समजा आणि पाठवणाऱ्यानेच हात आखडता घ्या. सगळं सुरळीत असेल तर वेग थोडा थोडा वाढवत अंदाज घ्या. मधे पोलीस नाही, परवाना नाही. समोरच्या यंत्राला झेपेल तेवढंच पाठवणं ही शिस्त आधीपासून होती. वाटेतल्या अनोळखी लोकांची अडचण ओळखून थांबणं ही नवी होती.

या नियमात वाटणीचं एक गणित दडलेलं आहे. राज जैन आणि दा-मिंग चिऊ यांनी 1989 मध्ये ते उलगडून दाखवलं. समजा 10 च्या पाइपावर एकाकडे 8 आहेत, दुसऱ्याकडे 2. पाइप भरला, दोघांनीही निम्मं केलं: 4 आणि 1. आता 5 ची जागा झाली, दोघांनी सारख्याच पावलांनी भरली: साडेसहा आणि साडेतीन. पुन्हा भरला, पुन्हा निम्मं, पुन्हा सारखी वाढ: पावणेसहा आणि सव्वाचार. फरक सहाचा तीन झाला, तीनाचा दीड. वाढताना बेरजेने वाढायचं आणि माघार घेताना भागाकाराने, एवढं पाळलं की ज्याच्याकडे जास्त आहे तो आपोआप जास्त सोडतो. दोघांना एकमेकांचं नावही ठाऊक नसतं. मला हे गणित पहिल्यांदा उमगलं तेव्हा मी सातपूरच्या एका कारखान्यात नेटवर्क सांभाळत होतो. त्या रात्री जेवताना बायकोला दोन वाट्या आणि पाण्याचा तांब्या घेऊन ते समजावलं होतं. ती म्हणाली, छान आहे, आता टेबल पुसा.

पण नियम सभ्यतेवर चालतो आणि त्याला पळवाट आहे. वाटणी होते ती 'जोडणी'गणिक, म्हणजे दोन यंत्रांमधल्या एकेका संवादागणिक, माणसागणिक नव्हे. मी एक जोडणी उघडली आणि शेजाऱ्याच्या डाउनलोड मॅनेजरने त्याच फाइलसाठी आठ उघडल्या, तर प्रत्येक जोडणीला सारखा वाटा मिळून शेजाऱ्याला माझ्या आठपट मिळतं. कायदा पाळून. आपल्याकडे जमिनीच्या कायद्यात याला खातेफोड म्हणतात: शेत एक, चूल एक, सातबारे आठ. शिवाय जुन्या पद्धतीत ज्याची पोच लवकर येते त्याचा वेग लवकर वाढतो, म्हणजे जवळच्याला झुकतं माप. पाटाच्या मुखाशी ज्याचं शेत त्याचं आधी भिजतं, तसं. आता तर व्हिडिओ कंपन्यांच्या यंत्रांत वेगवेगळे नियम चालतात. 2016 मध्ये गूगलने आणलेल्या बीबीआर पद्धतीची पहिली आवृत्ती पॅकेट हरवलं म्हणून माघार घेतच नसे, आणि काही ठिकाणी जुन्या पद्धतीच्या जोडण्यांना तिने कोपऱ्यात ढकललं.

तेव्हा "पैसे सारखे भरतो, वापर विचारू नका" म्हणणाऱ्यांनाही माझ्या बाजूला बसवून घेता येत नाही. मोरी सामायिक आहे. रात्री नऊला आठ जोडण्या उघडून बसणारा दुसऱ्याचा वाटा घेतोच, मग त्याने मेंटेनन्स वेळेवर भरलेला असो. आणि "लाइन मोठी घ्या" हा सल्ला बहुतेक वेळा बरोबर असतो हे मान्य. फायबर आल्यापासून निम्मी भांडणं त्यानेच मिटली. पण रुंद रस्ता केला म्हणून मोरी नाहीशी होत नाही, ती पुढे सरकते: जिन्यातल्या स्विचपाशी, घरातल्या वायफायपाशी, मोबाइल टॉवरच्या मर्यादित लहरींपाशी. पुढच्या सिंहस्थाच्या पर्वणीला गोदाघाटावर उभं राहून घरी व्हिडिओ कॉल लावून पाहा, टॉवर कितीही वाढवलेले असोत.

आता यादीवाल्यांच्या बाजूचं सगळ्यांत भक्कम बोलणं, जे सभेत कोणाला नीट मांडता आलं नाही. समजा घटकाभराची वाटणी अगदी सारखी झाली. तरी एक घर रोज संध्याकाळी सात ते बारा मोरीवर ठाण मांडून बसतं आणि दुसरं आठवड्यातून एकदा पाच मिनिटं येतं. त्या पाच मिनिटांत दोघांना सारखंच मिळालं, तर न्याय झाला का? कधीतरी येणाऱ्याला थोडं झुकतं माप नको? ब्रिटनच्या बॉब ब्रिस्को यांनी 2007 मध्ये हाच मुद्दा धरून जोडणीगणिक समानतेच्या कल्पनेवर कडाडून टीका केली होती. क्षणाक्षणाच्या समानतेत काळाचा हिशेबच नाही, हे त्यांचं म्हणणं मला बिनतोड वाटतं. पण ते मोजा म्हणाले काय? महिन्याचे सगळे जीबी नव्हे, तर तुंबलेल्या वेळी तुम्ही आत घातलेला भार. त्या मापाने तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाचे 900 जीबी पुन्हा शून्यावरच येतात. सातपूर-अंबडच्या कोणत्याही कारखानदाराला विचारा, त्याचं वीजबिल तासागणिक वेगळ्या दराने येतं. ताण असलेल्या वेळचं युनिट महाग, मोकळ्या वेळचं स्वस्त. विजेच्या बाबतीत जे आपल्याला पटलं ते इंटरनेटला का लागू नये?

यादी सोपी आहे, कोणालाही वाचता येते, हेही खरं. सार्वजनिक नियम समजायला सोपे असावेत, नाहीतर लोक त्यांच्यावर विश्वास ठेवत नाहीत. पण सोपं आणि चुकीचं माप लोकांना चुकीचं वागायलाही शिकवतं. 150 जीबीची मर्यादा लागली तर तो मुलगा रात्रीची कामं बंद करील, कारण तिथे जीबी जास्त जातात, आणि चेअरमनसाहेब नऊच्या बातम्या निश्चिंत बघत राहतील, कारण ते मर्यादेच्या खूप आत आहेत. रात्री तीनला लाइन ओस पडेल आणि रात्री नऊला बातम्या तशाच अडकतील.

सारखं म्हणजे न्याय्य का, हाही प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. समजा नाशिक ते सिन्नर 90 ची एक तार आहे, सिन्नर ते संगमनेर 90 ची दुसरी. एक ग्राहक फक्त पहिली वापरतो, दुसरा फक्त दुसरी आणि तिसऱ्याला नाशिकहून थेट संगमनेरला जायचं म्हणून दोन्ही लागतात. एकूण वाहतूक जास्तीत जास्त हवी असेल तर पहिल्या दोघांना 90-90 द्या आणि तिसऱ्याला शून्य, बेरीज 180. तिघांना सारखं द्यायचं तर 45-45-45, बेरीज 135. केंब्रिजचे गणिती फ्रँक केली यांनी सहकाऱ्यांबरोबर 1998 मध्ये मांडलेल्या प्रमाणशीर न्यायाने 60, 60 आणि 30 येतात, बेरीज 150. लांबच्याला कमी मिळतं, कारण तो दोन ठिकाणची जागा अडवतो. पण त्याला शून्यावर ढकललेलं नाही. यांतलं बरोबर कोणतं हे गणित सांगत नाही. ते माणसांनी ठरवायचं.

आणि हे ठरवताना काय होतं ते नाशिककरांनी गोदावरीवर पाहिलं आहे. 2005 च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्यात खोऱ्यातल्या पाण्याच्या समन्यायी वाटपाची तरतूद आली, 2013 मध्ये मेंढेगिरी समितीने सूत्र दिलं, आणि 15 ऑक्टोबरला जायकवाडीत 65 टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायची वेळ येऊ लागली. गंगापूर-दारणेतून पाणी सुटलं की आपण काय ओरडतो? वाटेत निम्मं जिरेल, त्यापेक्षा इथेच वापरू द्या, एकूण उत्पादन जास्त निघेल. हे 180 वालं उत्तर आहे. पैठणचा शेतकरी त्यातला तिसरा ग्राहक. मीही त्या ओरडणाऱ्यांत होतो हे लपवत नाही, आणि जिरण्याचा मुद्दा खोटा आहे असंही नाही. पण कायद्याने शब्द वापरला तो 'समान' नव्हे, 'समन्यायी'. नाशिकचं पाणी तोडून द्या असं तो म्हणत नाही, शेपटाला, म्हणजे टोकाच्या माणसाला, शून्य ठेवू नका असं म्हणतो.

कंपन्यांच्या 'वाजवी वाट्या'तला घोळही याच उजेडात दिसतो. मोठ्या व्हिडिओ कंपन्यांची वाहतूक अवाढव्य आहे आणि जाळं उभारायला खरेच प्रचंड पैसा लागतो, दोन्ही कबूल. पण ती वाहतूक कंपनी आपणहून आपल्या घरात ढकलत नाही. मी रिमोटचं बटण दाबतो म्हणून ती येते, आणि त्या येण्याचे पैसे मी दरमहा भरतो. पाटाचं पाणी घेणाऱ्याने पाणीपट्टी भरल्यावर धरणाकडूनही पट्टी मागण्यासारखं हे आहे. दक्षिण कोरियात 2016 पासून 'पाठवणाऱ्याच्या जाळ्याने पैसे द्यावेत' असा नियम कंपन्या-कंपन्यांमध्ये लागू झाला. ट्विच या थेट प्रक्षेपणाच्या सेवेने तिथे आधी चित्राचा दर्जा उतरवला आणि फेब्रुवारी 2024 मध्ये, जाळ्याचं शुल्क इतर देशांच्या दहापट पडतं असं सांगून, गाशाच गुंडाळला. भारतात दूरसंचार नियामक ट्रायने फेब्रुवारी 2016 मध्ये मजकूर पाहून वेगवेगळा दर लावायला बंदी केली. ते भांडण आपण एकदा लढलेलो आहोत, आता ते मागच्या दाराने कशाला आत घ्यायचं? गर्दीच्या वेळेचा खर्च काढायचा असेल तर तो गर्दीच्या वेळेवर लावा, पाठवणाऱ्याचं नाव बघून नको.

मग करायचं काय? इथे मला आजोबा आठवतात. मोसम खोऱ्यात ते फडाचे पाटकरी होते. नदीवर बंधारा, त्यातून कालवा, पुढे चाऱ्या, आणि शेतं फडांत वाटलेली, एका फडात एकच पीक. नाशिक-धुळ्याकडची ही पद्धत काही शतकांची जुनी. शेतकऱ्याने स्वतः दार उघडायचं नाही, पाणी पाटकरी देणार, ओळीने. घरी कधी कोणी विचारलं नाही की अमक्याने वर्षभरात किती पाणी घेतलं. विचारायचे ते एवढंच: या पाळीला फडाचं शेपूट भिजलं का? कोणी आपली पाळी सोडली तर ते पाणी अडवून ठेवत नसत, पुढच्याला जाई. सरकारी कालव्यांवरची शेजपाळी किंवा अलीकडे दिंडोरीतल्या वाघाडच्या पाणी वापर संस्थांनी बसवलेली घडी यांच्या तपशिलात फरक आहे, पण शेपटाची काळजी तीच.

जाळ्यावर असा पाटकरी बसवता येतो, आणि तो फुकट मिळतो. ॲलन डेमर्स, श्रीनिवासन केशव आणि स्कॉट शेंकर यांनी 1989 मध्ये मांडलेल्या न्याय्य रांगेच्या कल्पनेपासून पुढे निघालेल्या पद्धती आज साध्या लिनक्सवरच्या राउटरमध्ये चालतात. एफक्यू-कोडेल आणि केक ही त्यांची नावं (दुसऱ्याच्या नावामुळे सभेत उगाच हशा पिकला). पहिली एरवी जोडणीगणिक रांगा लावते, पण केकला घरागणिक वाटायला सांगता येतं. तसं केलं की राउटर एकच लांब रांग न लावता प्रत्येक घराची वेगळी रांग लावतो आणि पाळीपाळीने एकेक पॅकेट सोडतो. शेजाऱ्याने आठ जोडण्या उघडल्या काय नि ऐंशी, त्याच्या घराची पाळी एकच. खातेफोड संपली. दुसरं, रांग फार लांबली की पॅकेट लवकर फेकून देऊन पाठवणाऱ्याला वेळेत इशारा देतो. आपल्या राउटरांतली गफलत बहुतेकदा इथेच असते. साठवणूक एवढी मोठी ठेवलेली असते की तुंबल्याची बातमी पाठवणाऱ्याला खूप उशिरा कळते, आणि तोवर चेअरमनसाहेबांचा बातमीदार तोंड उघडं ठेवून थांबलेला असतो. तिसरं, घरं झोपलेली असतील तर जागा असलेल्या एकालाच पूर्ण 200 मिळतात. कोणाचं काही न घेता.

ही पद्धत सगळं सोडवत नाही. लाइन मोठी करायची वेळ आली तर पैसे कोणी किती द्यायचे, हे राउटर सांगणार नाही. त्यासाठी रात्री नऊ ते अकरा कोणाचा किती भार पडला याचा आकडा लागेल, आणि माझी मागणी तीच आहे: फळ्यावरून महिन्याची यादी काढा, तिच्या जागी त्या दोन तासांचा तक्ता लावा. त्यात माझंच घर वरच्या पाचात येईल याची मला जवळपास खात्री आहे, कारण आमच्याकडे दोन मालिका एकाच वेळी चालतात आणि त्यावर बोलायची माझी हिंमत नाही.

पुढच्या सभेत हा ठराव मांडायचा म्हणून अनुमोदक शोधत होतो. तिसऱ्या मजल्यावर जाऊन त्या मुलाला विचारलं. दार उघडायला त्याला बराच वेळ लागला. डोळे चोळत म्हणाला, "काका, नक्की केलं असतं. पण सभा रात्री नऊला असते ना? मी तेव्हा झोपलेला असतो."